उंदीर कुठे आहेत?

मी नेमकं काय करते हे घरच्यांना समजावून सांगायचा प्रयत्न मी गेली पंधरा-सोळा वर्षं करतेय. 'गणिती जीवशास्त्र' म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे गणित की बायो?" आमच्या शाळेत हे दोन विषय एकमेकांचं तोंड न बघणारे. गणित आवडतं ती मुलं इंजिनियरिंगला, बेडूक कापता येतो ती मेडिकलला. मधली जागाच नाही. खरं तर ती जागा आपल्याकडे जुनीच आहे. पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४४ मध्ये गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं. ते आजही त्यांच्याच नावाने वापरलं जातं. पण हे सांगितलं की लोक म्हणतात, "कोसंबी? ते इतिहासवाले ना?" असो.

२०२० मध्ये मात्र अचानक सगळ्यांना माझं काम कळायला लागलं. 'आर' म्हणजे काय, कर्व्ह कधी खाली येणार, हे शेजारचे काकासुद्धा विचारायचे. त्या मे महिन्यात आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आत्या ठाण्याला एकटी, पंचाहत्तरी ओलांडलेली, दारात दूधवाल्याखेरीज कोणी नाही. तिला करमत नव्हतं आणि मला तिची काळजी. म्हटलं, चला, आत्याला साथीचं गणित शिकवू.

मी नेहमीच्या उत्साहाने सुरुवात केली. तीन डबे काढले. पहिल्या डब्यात ज्यांना आजार होऊ शकतो ती माणसं. दुसऱ्यात ज्यांना झालाय ती. तिसऱ्यात जी यातून बाहेर पडली ती, बरी होऊन किंवा मरून. पहिल्यातली माणसं दुसऱ्यातल्यांच्या संपर्कात आली की दुसऱ्या डब्यात जातात, तिथून काही दिवसांनी तिसऱ्यात. बस्स, एवढंच. साथ थांबते ती पहिला डबा रिकामा झाल्यामुळे नाही. पहिल्या डब्यातली माणसं एका विशिष्ट संख्येच्या खाली गेली की आजाराला पुरेसं गिऱ्हाईक मिळत नाही आणि साथ विझते, बरेच लोक अजून शिल्लक असतानाच. हे १९२७ साली दोन स्कॉटिश माणसांनी दाखवलं, कर्मॅक आणि मॅक्केंड्रिक यांनी. आणि मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. "आत्या, त्यांनी हे गणित कशावर तपासलं माहितीये? आपल्या मुंबईच्या प्लेगवर!"

स्क्रीनवर तो आलेख दाखवला. आमच्या धंद्यातला हा बहुधा सगळ्यात प्रसिद्ध आलेख. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने मेलेल्यांचे आकडे. टिंबं म्हणजे खरे आकडे आणि त्यांच्यातून गेलेली घंटेसारखी गुळगुळीत रेघ म्हणजे गणित. रेघ टिंबांना इतकी चिकटून जाते की बघणारा पहिल्यांदा 'वा!' म्हणतोच. मी विद्यार्थ्यांना दर वर्षी हा आलेख दाखवते आणि दर वर्षी तो 'वा' ऐकते.

आत्या 'वा' म्हणाली नाही. चष्मा वर करून तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "एकोणीसशे सहा? म्हणजे माझ्या आजीची आई गेली ते साल."

आणि नंतर, "पण ह्यात उंदीर कुठे आहेत गं?"

मी म्हटलं, उंदीर नाहीत, मॉडेल सोपं ठेवलंय. आत्या म्हणाली, "प्लेगचं गणित आणि उंदीर नाहीत? उंदीर पडला की माणूस जातो हे आमच्या आजीला सहाव्या वर्षी माहीत होतं." मी हसले. मग तिने दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

ते हसणं मला नंतर फार टोचलं. ते का, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

प्लेग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते १८९६-९७. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगसना पहिले रोगी सापडले. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर मुंबई सोडून गेलं. हाफकिनने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. शाळेतला प्लेग इथे संपतो. चापेकर बंधू फाशी गेले, धडा संपला, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा.

प्लेग संपला नव्हता. तो पुढे कितीतरी वर्षं दर हिवाळ्यात परत येत राहिला. डिसेंबर-जानेवारीत सुरुवात, मार्च-एप्रिलमध्ये कळस, आणि पावसाळा येईपर्यंत ओसरलेला. पाहुण्यासारखा, ठरल्या वेळी. १८९७ ची घरझडती, सोल्जर, सक्तीने इस्पितळात नेणं, हे लोकांनी इतकं हाणून पाडलं होतं (मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात यावरूनच दंगल झाली) की १९०५-०६ पर्यंत सरकारने तो नाद बराचसा सोडला होता. प्लेग बातमी राहिला नव्हता, ऋतू झाला होता.

त्याच ऋतूत आमचं एक माणूस गेलं.

आत्याची आजी म्हणजे माझी पणजी. तिचे वडील मुंबईला एका पेढीवर कारकून होते, बिऱ्हाड ठाकुरद्वारच्या बाजूला एका चाळीत. पणजी एकुलती एक. तिने सांगितलेली गोष्ट आत्याला अजून शब्दन् शब्द येते. रंगपंचमीच्या दिवशी माळ्यावरून एक उंदीर खाली पडला. आपण होऊन, कोणी मारलेला नाही. झिंगल्यासारखा दोन पावलं चालला आणि मोरीपाशी आडवा झाला. तिच्या आईने तो चिमट्याने उचलून बाहेर टाकला, फरशी शेणाने सारवली. वडील म्हणाले, गावी जाऊ. आई म्हणाली, पाडवा करून जाऊ. पाडव्याला गुढी उभारली. तिजेला आईला ताप भरला, जांघेत गाठ आली. षष्ठीला ती गेली.

वडिलांची हिशेबाची वही ही एकच वस्तू पणजीबरोबर सासरी आली, आणि ती आता आत्याकडे आहे. फोननंतर आठवडाभराने आत्याने शेजारच्या मुलाकडून त्या पानाचा फोटो काढून पाठवला. मोडीत तारीख, चैत्र शुद्ध ६, शके १८२८. त्यापुढे काही आणे-पैशांचे आकडे. लाकडं, कापड, भटजी.

शके १८२८ चा पाडवा २५ मार्च १९०६ ला होता. म्हणजे षष्ठी मार्चच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत. १७ डिसेंबरपासून मोजलं तर पंधरावा आठवडा.

मी त्या रात्री पेपर उघडला आणि पंधराव्या आठवड्यावर बोट ठेवलं. रेघ चढतीवर आहे, अजून शिखर दोन-अडीच आठवडे लांब. सूत्रात आठवडा घातला की उत्तर सातशेच्या आसपास येतं. सात दिवसांत सातशे माणसं, १९०१ च्या शिरगणतीत ७,७६,००६ वस्ती असलेल्या शहरात. शिखर एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यू. पूर्ण रेघेखालचं क्षेत्रफळ काढणं बारावीच्या मुलालाही जमेल. ते बरोबर ८,९०० येतं. इतकी वर्षं हे सूत्र फळ्यावर लिहितेय, पण ते क्षेत्रफळ मी कधी काढलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. क्षेत्रफळ म्हणजे माणसं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

मग त्या रात्री मी आणखी एक गोष्ट केली जी मी इतक्या वर्षांत केली नव्हती. तो पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. आमच्यातले बरेच जण करत नाहीत (कोणी कबूल करणार नाही ते सोडा). आलेख पाठ्यपुस्तकात आहे, समीकरणं पाठ आहेत, मूळ पेपर 'पीडीएफ' होऊन फोल्डरमध्ये पडलेला असतो. मरेंचं 'मॅथेमॅटिकल बायॉलॉजी' हे आमचं जाडजूड पुस्तक १९८९ मध्ये आलं. त्यातही हा आलेख आहे, आणि माझी पिढी तो तिथूनच शिकली.

मूळ पेपरात, त्या आलेखाच्या आसपास, दोघांनी स्वच्छ लिहून ठेवलंय की माणसांमधला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे. आणि मग एकेक गृहीतक मांडलंय, उंदरांबद्दल. बेटावरचे सगळे उंदीर सारखेच रोगाला बळी पडणारे, सगळ्यांना लागण होण्याची शक्यता सारखी, लागणीचा आणि मरण्याचा वेग सगळा काळ तोच, आणि पिसवा इतक्या भरपूर की रोग जणू एका उंदराकडून दुसऱ्याकडे थेट जातोय असं मानलं तरी चालेल. आणि शेवटी प्रामाणिकपणे, की यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, तेव्हा हे सूत्र म्हणजे फार ढोबळ अंदाज समजावा.

म्हणजे ते तीन डबे माणसांचे नव्हतेच. उंदरांचे होते! आत्याला मी सांगितलं, उंदीर नाहीत. प्रत्यक्षात त्या गणितात उंदरांशिवाय काहीच नाही. माझ्या खापरपणजीचं टिंब ही एका उंदराची सावली आहे, रंगपंचमीला माळ्यावरून पडला त्याची.

आणि हे लिहिणारे दोघं कोण होते, तेही सांगायला हवं.

अँडरसन ग्रे मॅक्केंड्रिक डॉक्टर होता, जन्म १८७६, एडिंबराचा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला, बरीच वर्षं भारतात काढली, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा प्रमुख झाला, आणि १९२० मध्ये इथलाच एक पोटाचा आजार घेऊन परत गेला. १९०१ मध्ये तो रोनाल्ड रॉसबरोबर सिएरा लिओनला गेला होता. रॉस म्हणजे सिकंदराबादला १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणारा. गणिताचं वेड मॅक्केंड्रिकला रॉसने लावलं. रॉसच्या मलेरियाच्या समीकरणांत डास होते, वेगळे मोजलेले. तेव्हा मधल्या किड्याला विसरणारा हा माणूस नव्हे.

मॅक्केंड्रिकचं एक लहानसं काम मला फार आवडतं. १९२६ सालचं. भारतातल्या एका खेड्यात कॉलरा झाला. २२३ घरं. १६८ घरांत कोणी आजारी पडलं नाही, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन, आणि एका घरात चार. त्याला प्रश्न पडला तो त्या १६८ घरांचा. ही सगळी घरं सारखी नाहीत. काहींपर्यंत कॉलरा पोचलाच नाही, आणि काहींच्या दारापर्यंत येऊन तो रिकाम्या हाताने गेला. नोंदवहीत दोन्हींपुढे शून्यच. त्याने बाकीच्या आकड्यांवरून हिशेब केला की रोग खरा पोचला असेल तो त्र्याण्णव घरांपर्यंत. आजारी पडली पंचावन्न घरं. म्हणजे सदतीस-अडतीस घरं निसटली आणि त्यांना ते कधी कळलंही नाही. जे नोंदवहीत नाहीत त्यांना मोजायची ही युक्ती आजही संख्याशास्त्राच्या वर्गात नव्या नावांनी शिकवतात.

विल्यम ऑगिल्वी कर्मॅक त्याच्याहून बावीस वर्षांनी लहान, रसायनशास्त्रज्ञ. मॅक्केंड्रिक जिथे प्रमुख होता त्या एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेत नोकरीला. २ जून १९२४ ला प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. वय सव्वीस. त्यानंतर तो जे करायचा ते बहुतेक मनातल्या मनात. दुसरं कोणीतरी वाचून दाखवायचं, तो ऐकायचा, लांबलचक समीकरणं डोक्यात धरून ठेवायचा आणि तोंडी सांगायचा. पुढे तो १९४९ मध्ये ॲबर्डीनला प्रोफेसर झाला.

म्हणजे १९२७ चा हा आलेख, जो बघून जग 'वा' म्हणतं, तो त्याच्या दोन जनकांपैकी एकाने कधी बघितलाच नाही. कोणीतरी त्याला सांगितलं असेल, रेघ टिंबांतून जाते म्हणून. मला उगाच वाटतं, त्या पेपरात इतक्या सावधपणे सगळी गृहीतकं शब्दांत मांडली आहेत त्याचं एक कारण हेही असेल. ज्याला चित्र दिसत नाही त्याला चित्र बघून समाधान मानता येत नाही. ही माझी कल्पना बरं का, याला पुरावा काही नाही.

आता मुंबईकडे परत. कारण उंदरांची गोष्ट एडिंबराला कळायच्या वीस वर्षं आधी परळला सिद्ध झाली होती, आणि तीही नेमकी त्याच मोसमात.

उंदीर आणि पिसवा यांचा संबंध फ्रेंच डॉक्टर सिमाँने १८९८ मध्ये कराचीला दाखवला होता, पण त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मग १९०५ मध्ये एक नवं प्लेग कमिशन कामाला लागलं. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिनची प्रयोगशाळा होती (आजची हाफकिन इन्स्टिट्यूट, हे नाव १९२५ पासूनचं), तिथे त्यांचा मुक्काम. शहरभरातून रोज उंदीर गोळा करून तिथे आणायचे, कापायचे, कुठला उंदीर कुठल्या गल्लीतला याची नोंद ठेवायची. गटारातले मोठे उंदीर वेगळे, घरातल्या माळ्यावरचे काळे उंदीर वेगळे. आकडे मांडल्यावर दिसलं की आधी गटारातल्या उंदरांत साथ चढते, त्यानंतर दहाएक दिवसांनी घरच्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. एकामागून एक तीन घंटा.

सर्वात सुंदर प्रयोग होता तो पिंजऱ्यांचा. प्लेगने मेलेले आणि निरोगी प्राणी शेजारीशेजारी ठेवले आणि पिसवा काढून टाकल्या तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात नव्हता, कितीही जवळ राहिले तरी. पिसवा सोडल्या की जात होता. प्लेग झालेल्या घरात गिनीपिगचे पिंजरे ठेवले. पिसू उडी मारून मारून चार-पाच इंच मारते. तेव्हा एका पिंजऱ्याभोवती सहा इंचांची चिकट कागदाची पट्टी. पट्टीवाला गिनीपिग वाचायचा.

म्हणजे १९०७-०८ पर्यंत, हे सगळे अहवाल छापून झाल्यावर, शास्त्राला पक्कं ठाऊक होतं की गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. आणि रंगपंचमी ते तीज, मी मोजले, बारा-तेरा दिवस होतात.

हे मोजल्यावर मी जरा वेळ लॅपटॉप बंद करून बसले. पणजीच्या गोष्टीत उंदीर 'उगाच' नव्हता. तो तारखेसकट होता. खेड्यापाड्यांतून लोक उंदीर पडायला लागले की गाव रिकामं करून माळावर झोपड्यांत राहायला जायचे. त्यांना ना पिसू ठाऊक ना जंतू, पण क्रम पक्का ठाऊक होता. आणि क्रमातच तर सगळं आहे! आधी उंदीर, मग थोडा अवधी, मग माणूस. तो अवधी म्हणजे पळून जायला मिळालेली मुदत. आमच्या खापरपणजीने ती मुदत पाडव्यासाठी वापरली.

बरं, आता माझं. (इथवर वाचत आलेले नातेवाईक जांभया देत असतील, पण हे राहिलं तर बाकीच्याला काही अर्थ नाही.)

माझा पीएचडीतला पहिला पेपर डेंग्यूवर होता. एका शहराचे तीन वर्षांचे आकडे आणि त्यावर माझी रेघ. त्यात डास नव्हते. डासांचे आकडे मिळत नाहीत, मिळाले तर विश्वासाचे नसतात. म्हणून मी डासांना एका स्थिरांकात कोंबलं आणि लिहून टाकलं, जणू रोग माणसाकडून माणसाला जातो असं मानू. रेघ टिंबांना छान चिकटली. गाईड खूश, तपासणारे खूश, मी तर काय विचारता! तो पेपर निघाल्यावर मी आईबाबांना जेवायला बाहेर नेलं होतं. फरक इतकाच की कर्मॅक आणि मॅक्केंड्रिकने गृहीतकं पानावर मांडली आणि खाली लिहिलं, हे खरं नाही. मी एक ओळ लिहिली आणि पुढे गेले. चौथ्या वर्षाचे आकडे आले तेव्हा माझी रेघ एका दिशेला आणि टिंबं भलतीकडेच. त्यावर मी दुसरा पेपर लिहिला, 'सुधारित मॉडेल' म्हणून. आमच्यात असंच असतं.

रेघ बसणं सोपं असतं हे कळायला वेळ लागतो. चढून उतरणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर घंटेचा आकार बसतो. मुंबईच्या त्या आलेखाचंही तेच झालं. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने त्या सूत्राच्या पोटात शिरून बघितलं. तीच रेघ मिळवायला जे आकडे धरावे लागतात ते प्लेगला शोभणारे नाहीत, असं त्याला आढळलं. साथ उतरली ती बळी पडण्यासारखी माणसं किंवा उंदीर घटले एवढ्यामुळेच नव्हे. ऋतू बदलला. मुंबईत प्लेग दर वर्षी त्याच सुमाराला उतरायचा, हे एका मोसमाच्या टिंबांत दिसत नाही, सलग काही वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की डोळ्यांत भरतं. बाकाएरने मग माणसं, उंदीर, पिसवा आणि ऋतू असं सगळं घालून नवं मॉडेल केलं. तो पेपर निघाला तेव्हा मी वाचलाही होता. आणि तरीही पुढची आठ वर्षं वर्गात जुना आलेख दाखवून 'वा' घेत राहिले. सोपा पडतो ना.

आणि एक गृहीतक, ज्याकडे माझं लक्ष वहीमुळे गेलं. बंद लोकसंख्या. साथ चालू असताना बेटावर कोणी येत नाही आणि बेटावरून कोणी जात नाही. मुंबईबद्दल असं मानायचं! दर साथीला भाऊच्या धक्क्यावर आणि बोरीबंदरला जिथे माणूस माणसावर चढायचा, त्या मुंबईबद्दल. गेलेला माणूस तिन्हींपैकी कुठल्याच डब्यात नाही. तो गणितातून नुसता नाहीसा होतो.

गेल्या हिवाळ्यात भारतात आले तेव्हा आत्याकडे दोन दिवस राहिले. आता ती ऐंशीच्या पुढे गेलीय, ऐकायला कमी येतं, पण तोंड तेच. मी म्हटलं, "आत्या, तू बरोबर होतीस. गणितात सगळे उंदीरच आहेत, माणसंच नाहीत." ती म्हणाली, "मग आता मुलांना काय शिकवतेस?" मी सांगितलं की तोच आलेख दाखवते, 'वा' होऊ देते, आणि मग विचारते, उंदीर कुठे आहेत. अर्धा वर्ग गोंधळतो. एका मुलीने विचारलं होतं, कुठले उंदीर?

"आणि आजीची आई?"

तिचं नाही सांगत, म्हटलं. पंधराव्या आठवड्याच्या टिंबापाशी मात्र जरा थांबते.

तिने कपाटातून वही काढून दिली. फोटोत मी एकच पान बघितलं होतं. बांधणी सुटलीय, कडा वाळवीने खाल्ल्यात, मोडी मला धड येत नाही. आत्या बोट ठेवून वाचत गेली. फाल्गुनात तेल, मीठ, गूळ, रंगाची पूड एक पैसा. पाडव्याला साखरेच्या गाठी. मग षष्ठीचं ते पान. त्यानंतर चार दिवस काहीच लिहिलेलं नाही, हिशेबी माणसाच्या वहीत चार दिवस कोरे. मग पुन्हा तेच वळणदार अक्षर. चैत्र शुद्ध ११, आगबोट, हर्णैपर्यंत, तिकीट एक पूर्ण, एक अर्धे.